पावणेतीन किलोची बाहुली

विठ्ठलाची शपथ घेऊन सांगते, यात पदरचं काही नाही.

बिबवेवाडी. गेल्या वर्षीचा फाल्गुन. आणि रात्र नव्हती हो... दुपारचे चार, खिडकीत लख्ख ऊन.

आमच्यासोबत कीर्तनाला येणारी चैताली. तिची लेक नऊच दिवस जगली. बारसं बाराव्या दिवशी असतं. म्हणजे पोर बिननावाचीच गेली.

नवरा, राजस, तेव्हा जपानात नोकरीला. तिकडे म्हणे मूल जन्मलं की त्याच्याच उंचीची, त्याच्याच वजनाची लाकडी बाहुली घडवून घेतात. लेक झाल्याचा फोन आला, तसा तो एका म्हाताऱ्या कातारी कारागिराकडे धावला. पावणेतीन किलो, एकोणपन्नास सेंटिमीटर.

तिकडे लाकूड कातलं जात होतं आणि इकडे पोर गेली.

दीड महिन्यानं बाहुली आली.

गोल डोकं, सरळसोट अंग. हात नाहीत, पाय नाहीत. तशीच करतात ती. फिरत्या लाकडाला कुंचला टेकवून उमटवलेली तांबडी वलयं, पोटावर शेवंती, इवलेसे मिटलेले ओठ. पाठीवर जन्मतारीख. खाली नावासाठी कोरी जागा...

चैतालीनं ती पाळण्यात निजवली आणि नणंदेला बोलावलं. "सोनाली, तू आत्या. हिच्या कानात नाव सांग."

"वहिनी, अहो लाकूड आहे ते. कान कुठायत त्याला?"

"बुवा काय म्हणाले परवा? नावानं हाक मारली की देवालासुद्धा यावं लागतं. माझी तर एवढीशी लेक गं."

सोनाली रडत रडत पाळण्यात वाकली. "पूर्णिमा... कुर्रर्र!"

रीत म्हणून चैतालीनं तिच्या पाठीत हलकेच धपाटा घातला. दोघींना हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी.

आणि...

कुईं.

त्या बाहुलीची मान फिरवली की लाकूड असंच वाजतं. पण मान कुणी फिरवलीच नव्हती.

तोंड आता चैतालीकडे होतं.

सोनाली जिन्यापर्यंत पळाली. चैताली नाही पळाली. तिनं बाहुली उराशी धरली. महिन्यापूर्वी आटलेलं दूध... पदर भिजला.

कुईं. मान डावीकडे.

कुईं... उजवीकडे.

तान्हं बाळ आईच्या अंगाशी शोधतं ना, अगदी तसं.

पण ओठ रंगवलेले. उघडणार कसे?

तेव्हापासून दर तीन तासांनी हेच.

"नदीत सोडा तिला," सोनाली म्हणाली.

"हाक मारून मीच आणलं तिला. बिनहाताच्या अंगात कोंडलं, उपाशी ठेवलं. आता बुडवूही?"

परवा कीर्तन संपल्यावर चैतालीनं बुवांचे पाय धरले. "बुवा, दिलेलं नाव परत कसं घ्यायचं?"

बुवांनी उपरण्यानं डोळे टिपले.

एक सांगून ठेवते. वर लिहिलेलं लेकीचं नाव खरं नाही, तेवढं एकच पदरचं. खरं नाव मी लिहिणार नाही.

वाचताना तुमच्यापैकी कुणी ते मोठ्यानं उच्चारायचं... आणि तिकडे ती मान वळवायची, आई आली म्हणून.