साहेबांनी सांगण्याआधी

विजयश्रीची सुई तुटली आणि तिनं मशीन थांबवलं. भालकी रस्त्यावरच्या त्या शिलाई कारखान्यात तुटक्या सुईचे सगळे तुकडे जमा केल्याशिवाय नवी सुई मिळत नसे. परदेशातल्या लेकरांचे फ्रॉक ते, आत टोक राहिलं तर? आणि टोक काही सापडेना. मेकॅनिक गुरुबसव लोहचुंबक घेऊन मशीनखाली वाकला, तीही वाकली... आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"लागलं का गं?"

"मला न्हाई. तुमालाच लागलं आसंल."

"बाकी समद्या मला अण्णा म्हनतेत, भाऊ मानतेत," चुंबक फिरवत तो हळूच म्हणाला. "तू कामून म्हनत न्हाईस?"

"आधी टोक हुडका. मग बघू."

टोक सापडलं. तिच्या तोंडून अण्णा मात्र आलं नाही.

त्यानंतर तिचं मशीन जरा जास्तच बिघडू लागलं. कधी पट्टा सैल, कधी धागा तुटे. "तुज्या मशीनला माजी सवय लागायलीय," तो म्हणे. "मशीनलाच व्हय?" असं विचारून ती मान खाली घाली, आणि पुढची शिलाई हमखास वाकडी जाई. तरी मनातलं कुणीच बोलत नव्हतं.

परदेशी लेकराला सुई टोचू नये म्हणून एवढी काळजी, आणि शिवणाऱ्या बाईला मात्र लघवीला जायचं तरी सुपरवायझरपुढे हात जोडायचे! चन्नव्वाक्का ही सगळ्यांत जुनी कारागीर. आपण युनियन काढू, एवढंच ती बोलली, तर दुसऱ्या दिवशी तिला गेटवरूनच परत पाठवलं. विजयश्रीचं डोकंच फिरलं. जेवणाच्या सुट्टीत तिनं बायकांना जमवलं, आणि युनियन उभी राहिली. दर रविवारी चन्नव्वाक्काच्या अंगणात बैठक भरू लागली.

"जपून," गुरुबसव म्हणाला. "मी पडलो स्टाफमधला. मला त्यात वढू नकू."

"कोन वढायलंय तुमाला?" ती फणकारली. दोन दिवस तिचं मशीन अगदी सुरळीत चाललं.

मग कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या डोक्यावर फ्रॉक विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीचा फलक टांगला होता – कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे. कामगारांसाठीचा फलक, आणि लावला कुठे, तर जिथे कामगार कधी पाय ठेवत नाही तिथे!

"युनियन सोडली असं लिहून दे," साहेब म्हणाले. "नाहीतर गावी मुडबीला तुझ्या वडिलांना फोन करतो. त्या परजातीच्या मेकॅनिकबरोबर तुझं काय चाललंय, ते गावाला कळू दे."

साहेबांच्या अशाच एका फोननंतर कारखान्यातल्या पवित्राला घरच्यांनी कामावरून काढून तिचं लग्न उरकून टाकलं होतं. विजयश्रीनं वळून पाहिलं. दारात गुरुबसव उभा होता, त्यालाही बोलावलं होतं. तिच्या अंगाची आग आग झाली. जे आम्ही एकमेकांनाही अजून सांगितलं नाही, त्याची धमकी हा माणूस आम्हाला देणार? तिनं आपला मोबाईल काढला, घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अप्पा, कारखान्यातून बोलायलेय. मी युनियनमधी हाय, आन् ती सोडनार न्हाई. आनिक... गुरुबसव म्हनून हितं मेकॅनिक हाय. माजा त्याच्यावर जीव हाय. साहेब तुमाला सांगनार हुते, म्हनून मीच सांगायलेय."

तिचे वडील अंकुशराव रानात होते. मागे चालू असलेली पाण्याची मोटार त्यांनी आधी बंद केली.

"घरी ये, मग बोलू," ते म्हणाले. "आन् साहेबाला सांग, माज्या लेकीचं मला लेकीकडून कळतंय. त्यानं मधी पडू नये."

विजयश्रीनं फोन बंद केला. ती केबिनबाहेर आली.

"हे आधी मला सांगायचं, का अप्पाला?" मागून गुरुबसवनं विचारलं.

"सवड कुठं दिली साहेबानं? आता तुमचं काय हाय ते सांगा. न्हाई म्हनलाव तरी युनियन ऱ्हाईलच."

तो मागे फिरला, आणि केबिनचं दार ढकलून म्हणाला, "साहेब, युनियनमधी माजंबी नाव धरा."

मग तिच्याजवळ येऊन त्यानं हळूच विचारलं, "रविवारी आधी बैठकीला येऊ... का आधी तुज्या अप्पाकडं?"

"आधी बैठक," डोळे पुसत ती म्हणाली. "अप्पाकडं मग दोघं मिळून जाऊ."