सांध्यावरचे ठिपके

रस्त्याचे सारखे तुकडे पाडायचे आणि कुठल्या तुकड्यात किती अपघात झाले ते पाहायचं. आकडा ठरल्यापेक्षा वर गेला की तो तुकडा धोक्याचा. मग तिथे गतिरोधक, दिवे, फलक, सगळं येतं. तिचं काम एवढंच. नवरा गल्लीच्या तोंडाशी अपघातात गेला, त्यानंतर थोरल्या भावानेच तिला आपल्या कार्यालयात चिकटवलं होतं. "घरी बसून किती दिवस भिंतींशी बोलशील, चिमे?" म्हणाला होता.

एका दुपारी तिला पडद्यावरच्या नकाशात खोट दिसली. तिच्या गल्लीसमोरचे सगळे ठिपके दोन तुकड्यांच्या बरोबर सांध्यावर होते. निम्मे इकडे मोजले जात, निम्मे तिकडे. म्हणून धोक्याचा तुकडा कुठलाच नाही. तिने नेहमीचा उपाय केला. मोजणी जरा पुढून सुरू केली.

पडद्यावर सांधा सरकला.

ठिपकेही सरकले.

ठिपका म्हणजे होऊन गेलेला अपघात. तो कशाला हलेल? तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. शेवटी ती नव्या सांध्याच्या जागी जाऊन आली. सायकलच्या दुकानासमोर काचांचा चुरा पडला होता, धुळीने माखलेला, कडा झिजलेला.

"कधी झालं हो हे?"

"सकाळी झाडलं तेव्हा तर नव्हतं," दुकानदार म्हणाला.

*

"दादा, ठिपके सांध्यामागे चालतात."

त्याने मान वर केली नाही. "होता तिथे ठेव तो."

"म्हणजे तुला ठाऊक आहे."

"आधी माझ्या फाटकासमोर होता. पोरं तिथेच खेळतात गं."

"मग?"

"मग सरकवला."

"माझ्या गल्लीत?"

"कुठेतरी ठेवावाच लागतो, चिमे. नेमका तुझा नवराच सापडेल, हे मला काय ठाऊक?"

त्या दिवशी नवऱ्याला उचलून दवाखान्यात नेणारा हाच. रात्रभर तिच्या पाठीवरून हात फिरवणारा हाच. ती जागेवर आली आणि सांधा उचलून त्याच्या

*

फाटकासमोर ठेवणार होती. भाचरं डोळ्यांपुढे आली. तिने तो गावाबाहेर, एकही घर नसलेल्या माळावर नेऊन ठेवला.

दादा मागे येऊन उभा होता. "त्या माळावरून मी रोज येतो."

"मग जपून ये."

तो हसला. "तू घरी जा आता. दमलीस."

ती गेली. तो तिच्या पडद्यापुढेच उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी काचा होत्या.

जुन्या, धुळकट. तिने खाली वाकून एक तुकडा उचलला. आरशाचा होता. कोपऱ्यात पिवळं फुलपाखरू चिकटवलेलं, एक पंख दुमडलेला. तिच्या लेकीने स्कूटरच्या आरशावर असंच चिकटवलं होतं.

ती वळली. दारात तिची स्कूटर उभी होती. आरसा शाबूत होता. फुलपाखरूही.

लेक मागच्या सीटवर बसून वाट पाहत होती.