तिलवाऱ्यापलीकडचं कॉटेज

तिलवाऱ्याचा पूल ओलांडला आणि ऑटोवाला रस्ता चुकला. धुक्यात मटारच्या शेतांखेरीज काही दिसेना. विनतानं समोरून येणाऱ्या मोटरसायकलला हात दाखवला.

"भैया, नदी किनारे वाला कॉटेज किधर पड़ेगा?"

मागून तिचे बाबा, देवीदास, पुटपुटले, "हा काय सांगते... हाच भटकून राहिला दिसते."

"भटकलो नाही, काका," मोटरसायकलवाला चक्क मराठीत म्हणाला. "कॉटेज माझंच आहे. चला मागून."

विनताला हसू आलं. आई गेल्यापासून रांझीच्या त्यांच्या घरात कुणी मोकळं हसलंच नव्हतं. सगळ्यांनी मिळून एकदा नदीकाठी राहायचं, ही आईची हौस बाबांच्या फॅक्टरीच्या नोकरीत राहून गेली होती. म्हणून तिच्या पहिल्या स्मृतिदिनाला बाबांनी अख्खं कॉटेज भाड्यानं घेतलं होतं... लेक, सून, नातवंडं, सगळ्यांसाठी.

संध्याकाळी पुण्याहून श्रीकांतदादाचा फोन आला. त्यांचं येणं जमत नव्हतं. बाबा "अच्छा" एवढंच म्हणाले आणि रिकाम्या पलंगांकडे बघत बसले.

गुणवंतनं, म्हणजे त्या मोटरसायकलवाल्यानं, सगळ्यांचा स्वयंपाक करून ठेवला होता. बाबांनी त्यालाही जेवायला बसवलं. बाकीचे का आले नाहीत, हे त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "काकूंना काय आवडायचं, काका?" आणि वर्षभर मुके झालेले बाबा बोलत सुटले. विनता खाली मान घालून ऐकत राहिली. वर पाहिलं, तेव्हा गुणवंत तिच्याकडेच बघत होता.

दुसऱ्या दिवशी दोघं अंगणातल्या उन्हात मटार सोलत बसले.

"तुमची मराठी अर्धी हिंदी आहे," ती म्हणाली.

"आई होती तोवर बोलायचो. आता या हिंदी मुलखात कोणाशी बोलू?... तुम्ही शिकवा ना."

"मी लई कडक शिकवते."

"चलेगा," तो म्हणाला. मग जरा थांबून, हळूच — "तुम्ही लग्न काहून नाही केलं?"

तिची बोटं थबकली. "ठरलं होतं. बाबा माझ्याजवळ राहतील म्हटलं... त्याला ते नाही चाललं."

त्या दिवशी मग गुणवंतचं कशातच लक्ष नव्हतं.

निघायच्या सकाळी ती नदीवरून परतली, तेव्हा ओसरीवर त्याचा आवाज ऐकू आला.

"काका, मला विनताजींशी लग्न करायचं आहे. तुम्हीपण इथंच राहा."

"रांझी नाही सोडणार मी. तिची माय तिथं नांदली," बाबा म्हणाले. "पण पोरीनं माझ्यापायी अडकून नको राहायला."

विनता पायरीवरच थांबली.

"तुम्ही दोघं माझं ठरवून राहिले. मला विचारलं कोणी?"

गुणवंत उभा राहिला. "चुकलं माझं. तुम्हाला विचारायची हिंमतच होईना."

ती बाबांजवळ जाऊन बसली. "मी अडकली नाही, बाबा. मला तुमच्याजवळ राहायचं होतं, म्हणून राहिली."

बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

ऑटोत सामान चढलं. बॅग ठेवून गुणवंत तिच्या बाजूला घुटमळला.

"मग... मी काय समजू?"

"रविवारी रांझीला या. जेवायला."

"अन् उत्तर?"

तिनं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. "तुम्ही अन् मी कुठं राहायचं, बाबांचं कसं, ते तिघं बसून ठरवू. पण नाही म्हणायचं असतं... तर घरी बोलावलं असतं का?"

ऑटो निघाला. वळणावर तिनं मागं पाहिलं. गुणवंत रस्त्याच्या मधोमध उभा होता, आणि मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला होता.