हात न टेकता

दातांच्या डॉक्टरकडचा सोफा फार मऊ होता, आणि मऊ गोष्टींवर माझा विश्वास नाही. नंबर पुकारला, मी उठायला गेले — आणि धपकन मागे बसले. पुन्हा तेच! शेजारचा पिकल्या मिशांचा गृहस्थ माझ्याकडेच बघत होता.

"हात देऊ?"

"मागितलाय का कुणी?"

"नाही... पण मागितलात तर तयार आहे," म्हणून तो चक्क हसला.

आगाऊ! कड धरून मी कशीबशी उठले. उभं आयुष्य बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेलं माझं. धावत्या गाडीत दांडीला न धरता उभी राहायचे. माणूस का हसतो, ते मला बरोबर कळतं. हा नक्की काहीतरी विकत असणार.

दात दाखवून बाहेर आले, तर स्वारी दारातच.

"रागावू नका. मी शाळेत कवायत शिकवायचो. आता संध्याकाळी बागेत बायकांचा वर्ग घेतो. वय झालं की मांड्यांतलं बळ गुपचूप निघून जातं. पण बोलावलं, तर बरंचसं परत येतं."

"मी रोज चालते."

"चाला की! पण स्नायूला ओझंही लागतं."

मी वर्गाला गेले... त्याची लबाडी पकडायला. निदान लेकीला तसंच सांगितलं. लेकीनं कधीपासून धोशा लावला होता, "आई, तिसऱ्या मजल्यावर एकटी कशाला? पडलीस तर? माझ्याकडे चल." लेक गुणाची आहे, पण तिच्या घरी मी पाहुणीच. माझं दार, माझी किल्ली सोडायची माझी तयारी नव्हती. शेवटी पैज लागली. रविवारी तिच्यासमोर बुटक्या स्टुलावरून हात न टेकता उठायचं. नाही जमलं, तर मुकाट्यानं सामान बांधायचं.

गळ्यातल्या शिट्टीमुळे त्यांना मी शिट्टीमास्तर म्हणायला लागले. ते आम्हाला भिंत ढकलायला लावायचे, वाळूच्या पिशव्या उचलायला लावायचे, स्टुलावरून उठबस करायला लावायचे. "हात टेकायचे नाहीत!" वर चौकशी, "डाळ, अंडी, दूध पोटात जातं का? की नुसता चहा?" आता विकायला पावडरीचा डबा निघेल, म्हणून मी टपून होते. निघाला नाही. माझा संशय वाढला. बायकांकडून वाळू उचलून घेणारा माणूस कुठेतरी घर बांधत असणार!

"तपासनीसबाई, आज केस मोकळे?"

"ओले होते."

"मग रोज धूत जा की..."

मी मान फिरवली. गालांना मात्र कुणी आवरायचं?

शनिवारी वर्ग सुटल्यावर मी स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. झाडाआड मास्तर फोनवर होते. "हो ताई, तुमच्या आई... अजून हात टेकतात अधूनमधून."

माझी लेक! वर्ग बघायला म्हणून आली होती, तेव्हाच नंबर घेतला असणार. म्हणजे हा गोडवा, ही चौकशी... सगळी हेरगिरी! काळजात कळ आली. खरं सांगते, घर जाईल म्हणून नव्हे. तो माणूस खोटा निघाला म्हणून.

"फितूर!" मी ताडकन उठले.

मास्तर बघतच राहिले. माझे दोन्ही हात कमरेवर होते. "ताई..." ते फोनमध्ये पुटपुटले, "उठल्या. हात न टेकता."

"फोन ठेवा! काय काय सांगितलंत तिला?"

"त्यांनी विचारलं, आई एकटी राहू शकेल का. मी म्हटलं, खुशाल राहू शकतील." ते शिट्टीशी चाळा करू लागले. "फक्त... राहू नये, असं मला वाटतं, हेही सांगितलं."

"म्हणजे तिच्याकडे जाऊ?"

"तिच्याकडे नाही हो..." कान लाल झाले होते बिचाऱ्याचे. "तपासनीसबाई, हात मी टेकलेत. तुमच्यापुढे."

आयुष्यभर लोकांच्या तोंडाकडे बघून खरंखोटं ओळखलं मी. हे खरं होतं... आणि मला हवंही होतं.

"आधी लेकीला सांगता, मग मला?"

"तुमची भीती वाटते."

"वाटू दे." मी पर्स खांद्याला लावली. "चला घरी. लिफ्ट नाहीये. दम लागला तर पायरीवर बसा, मी पुढे होऊन चहा टाकते."