चौदा नंबरची नळी

चंद्रतळावरच्या जलशुद्धिकक्षात कौसल्या तुपे सहा वर्षं रोज एक चमचा पाणी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात घालत होती. नोकरी नळजोडणीची, हे तिचं फावल्या वेळातलं काम. नळ्यांत जिवाणूंचा चिवट थर साचायचा, त्याला जैवपापुद्रा म्हणत. तो खाणारे दुसरे जिवाणू तिला घडवायचे होते. लोकांनी आधी कौतुक केलं, मग टवाळी, मग विचारणंच सोडलं. तिने डबा सोडला नाही.

सातव्या वर्षी मुख्य नळ्या पापुद्र्याने बुजल्या. साठ्यात पाणी पंचेचाळीस दिवसांचं. तेवढ्यात नळ्या मोकळ्या झाल्या नाहीत तर बेचाळीस माणसांनी तळ कायमचा सोडायचा, असा हुकूम पृथ्वीवरून आला. तेव्हा कुठे जीवशास्त्रज्ञ डॉ. सबनीसांना तो डबा आठवला. वाटीभर द्रव त्यांनी मागून नेला, साखरेच्या सकस काढ्यात वाढवला आणि महिन्याभरात टाकी भरून दाखवली. समारंभ केला. फलकावर नाव एकट्या सबनीसांचं.

टाकी नळ्यांत सोडली. पापुद्रा हलला नाही. उलट साखर खाऊन जाड झाला.

बारा दिवसांचं पाणी उरलं तेव्हा सबनीस खाली तिच्याकडे आले.

“तुपेबाई, जिवाणू तुमचेच होते. मग खात का नाहीत?”

“तुम्ही काय खायला घातलंत?”

“उत्तम अन्न. साखर, प्रथिनं.”

“मग पापुद्रा कशाला खातील? तो पचवायचा तर वेगळा रस बनवावा लागतो, ताकद खर्च होते. आयतं मिळालं की तो रस न बनवणारेच भराभर वाढतात. कसबवाले मागे पडून संपतात. माझ्या डब्यात पापुद्र्याशिवाय काही नसतं. जो खाईल तोच उरतो. विरजण लावावं तसं रोज लावलंय, साहेब. एक दिवस चुकवला नाही.”

सबनीस खाली बसले. “हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायचो.”

“तुम्ही शिकवलंत. मी केलं.”

तिने डब्यातला द्रव चमचा चमचा करून थेट बुजलेल्या नळ्यांत सोडला. वर साखरेचा कणही नाही. चौथ्या दिवशी आत गुडगुड झाली. नवव्या दिवशी भटारखान्याचा नळ खोकला, काळं थुंकला आणि धो धो वाहू लागला. बेचाळीस माणसं पेले घेऊन रांगेत उभी राहिली. पहिला पेला तिचा.

तळप्रमुख खुशीत होते. चौदा नंबरची एकच नळी बुजलेली राहिली आहे, तीही साफ करा आणि हा प्रकल्प संपला असं जाहीर करा, असं त्यांनी सांगितलं. तुपेबाईंनी त्या नळीच्या झडपेला कुलूप घातलं.

“ही घाणच राहणार.”

प्रमुख चिडले. या वेळी उत्तर सबनीसांनी दिलं. सगळ्या नळ्या स्वच्छ झाल्या तर त्या जिवाणूंना खायला काय उरेल? ते मरतील, नाहीतर कसब विसरतील. पापुद्रा मात्र परत येईल.

त्यांनी स्वतःच्या नावाचा फलक उतरवला, उलटा केला आणि तिच्या हाती खडू दिला.

अख्ख्या तळावरची सगळ्यात घाण नळी आज काचेआड जपलेली आहे. तिच्यावर तो फलक: “कौसल्या तुपे. काम चालू आहे.”