वासितीआत्याचं हाड का जुळेना?

“सेमी, ह्या मोज्याचा तळ बघ! काळाकुट्ट!” मेरेओनी ओरडली.

“मग धू की! धुवायलाच दिलाय ना?” धाकटा भाऊ म्हणाला.

“अरे ढब्बू, आत्याचा पाय दिवसभर बुटात असतो ना? मग मोजा मळेल कसा? आणि ह्या चटईच्या काड्या कुठून चिकटल्या?”

खरंच की! सेमीच्या हातातला साबण सुटला.

वासितीआत्या गावची नर्स. आई गेल्यापासून दोघांना तिनेच वाढवलं. नारळाच्या मुळात अडकून ती पडली आणि पावलाचं हाड मोडलं. डॉक्टरांनी पट्ट्यांचा मोठा बूट चढवून बजावलं होतं, चालायचं ते बूट घालूनच! पण दोन महिने झाले तरी हाड जुळेना. आता पंधरा दिवसांनी पुन्हा हाडाचा फोटो. तेव्हाही जुळलं नसलं, तर ऑपरेशनला समुद्रापलीकडे, सुवा शहरात. मग कितीतरी महिने तिकडेच!

आत्या घरोघरी औषधं द्यायला निघाली, तशी दोघं लपतछपत तिच्या मागे गेली. पहिल्याच घराच्या दारात आत्या खाली टेकली. कर्र... कर्र... पट्ट्या सुटल्या. बूट बाहेर राहिला आणि आत्या दात आवळून, लंगडत आत गेली! पुढच्या घरी तेच. अकरा घरं, अकरा वेळा!

“आत्या!” मेरेओनीला राहवेना. “कुणाची एक गोळी चुकली तर केवढी ओरडतेस! आणि स्वतः?”

आत्या ओशाळली. “अगं, पायताणासकट लोकांच्या चटईवर जाऊ?”

“पायताण कसलं? औषध आहे ते!”

“हे इलाइतियाआजोबांना सांगून बघ!”

आजोबा गावात सगळ्यांत वडील. त्यांच्या दारात भलेभले साहेब बूट काढत. मेरेओनीने दुपारभर बसून बुटावर चढवायची स्वच्छ खोळ शिवली, सेमीने नाडी ओवली.

दुसऱ्या दिवशी आजोबांच्या दारात आत्याचा हात पुन्हा पट्ट्यांकडे गेला.

“आत्या, खोळ घाल ना!”

“श्श! इथे नाही!”

“काय कुजबुज चाललीय गं?” आतून आजोबांनी विचारलं.

मेरेओनी दारातच मान खाली घालून बसली. “आजोबा, तुमच्या मानापायी आत्या रोज मोडक्या पायावर चालते. ती सुवाला गेली तर आम्हाला कोण आहे?” आणि तिला रडूच फुटलं.

आजोबा काठी टेकत आले. आत्याच्या पायाशी बसले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी खोळ चढवली.

“आजोबा, तुम्ही माझ्या पायाला...”

“गप बैस, पोरी! चटया आमच्या बायका पुन्हा विणतील. तुझं हाड कोण विणणार?”

पडली तेव्हा न रडलेली आत्या हुंदके देऊन रडली.

पंधरा दिवसांनी दवाखान्यातून येणारी बोट किनाऱ्याला लागण्याआधीच सेमी आतून ओरडला, “जुळायला लागलं! ऑपरेशन नाही!”

किनाऱ्यावर एकच गलका झाला. आजोबांनी दोघांना पुढे घेतलं. “ही दोन महिने आपल्या डोळ्यांदेखत लंगडत आत यायची. आम्ही नुसता चहा पाजला. दिसलं ते ह्या पोरांना! शाबास!”

आत्याने मेरेओनीचा हात घट्ट धरला.

“चल बाई, आपल्या घरी जाऊ.”