पोत्याच्या पडद्यापलीकडे

जळगावात नव्या पेठेत माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. १९८६च्या दिवाळीनंतर मेहरूण तलावाच्या अंगाला आनंदमेळा लागला, तेव्हा त्यांचा ॲम्प्लिफायर दुरुस्त करायला मलाच बोलावलं. आकाशपाळणा, मौत का कुआँ, बंदुकीने फुगे फोडायचे स्टॉल हे दरवर्षीचंच. नवीन होता तो भूतबंगला. पत्रे आणि ताडपत्रीचा लांबट मांडव, दर्शनी भागाला रंगवलेला राक्षसाचा जबडा, त्यातून आत शिरायचं. बाहेर कर्ण्यावर किंकाळ्या आणि कुत्र्यांचं विव्हळणं वाजत असे. मालक रुपचंद हा खांडव्याकडचा, हळू बोलणारा माणूस. मजुरीबरोबर त्यानं घरच्यांसाठी पासही दिले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी, माझी बायको कुंदा आणि आमची वैजू असे तिघं गेलो. वैजू सहा वर्षांची. आम्ही मूळचे चोपड्याकडचे, घरात अहिराणीच चालायची, आणि वैजूचं तोंड तर दिवसभर चालू. रांगेत उभी असतानाही ती कुंदाला विचारत होती, “माय, भूतले दात ऱ्हातस का?”

आत ओल्या पोत्यांचा आणि रॉकेलचा वास होता. तांबडे दिवे, प्लास्टरचे सापळे होते. वरून सोडलेल्या सुतळ्या चेहऱ्याला लागत होत्या. एक मुखवटेवाला अंगावर धावून आला तर वैजू त्यालाच हसली. शेवटच्या वळणावर वाट फार चिंचोळी होती, म्हणून मी तिला कडेवरून खाली उतरवलं. समोर पोत्याचा पडदा होता. ती पुढे झाली, पडदा तिच्यामागे पडला आणि लगोलग मी तो बाजूला केला. पलीकडे ती भिंतीला टेकून उभी होती. माझी वाट बघत.

बाहेर कुंदानं भेळ घेतली. “तिखट लागस का वं?” तिनं विचारलं. वैजूनं नुसती मान हलवली. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. सकाळीही नाही.

डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले. “भ्यायलीय पोरगी. येईल आवाज,” ते म्हणाले. पण ती भ्यालेली दिसत नव्हती. ती नीट जेवायची, झोपायची, आमच्या हालचालींवर लक्ष ठेवून असायची. परक्या घरात आलेला पाहुणा ठेवतो तसं.

शेवटी एका दुपारी मी रुपचंदला भेटायला गेलो. मेळा उठायला आला होता, बाकीचे मांडव उतरवत होते. नेमकं काय ऐकून पोरीनं धसका घेतला, ते पाहावं म्हणून मी त्याला आतली कॅसेट लावायला सांगितली. किंकाळ्या झाल्या, कुत्री झाली. मग अगदी हळू आवाजात कुणीतरी म्हणालं,

“बाबा, मी आठे शे. माले सोडीसन नका जाऊ ना.”

आवाज वैजूचा होता, ‘इथे आहे’ म्हणत होता, आणि वैजू तर घरी होती. मी स्पीकरच्या आतल्या कागदावर बोट ठेवलं. ही माझ्या धंद्यातली सवय. आवाज येत असला की कागद बोटाखाली थरथरतो. किंकाळ्यांना तो थरथरत होता. त्या वाक्याला तो थरथरला नाही. मी कॅसेट काढून घेतली, वायर ओढली. सगळं शांत झालं आणि त्या शांततेत वैजूचा आवाज पुन्हा एकदा म्हणाला, “बाबा.”

रुपचंद खाली बघत होता.

“हमने कुछ नहीं किया, मिस्त्री,” तो म्हणाला. “ये आवाज पहले से है. पिछले साल तक गुजराती में बोलती थी. अब आपकी बोली में बोलती है.”

मी आतली पोती उचकटून पाहिली. मागे बांबू, ताडपत्री आणि मोकळं मैदान.

घरी येऊन कुंदाला सांगितलं. तिनं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं, पण चुलीवरचा तवा तसाच टाकून उठली. आम्ही पोचलो तेव्हा मांडव उतरवून ट्रक निघून गेले होते. मैदानात नारळाच्या करवंट्या आणि सुतळ्या पडल्या होत्या. चैत्रात धुळ्याला एकवीरादेवीच्या यात्रेत मेळा लागणार, एवढं चहावाल्याकडून कळलं.

तो हिवाळा कसा गेला ते सांगवत नाही. कुंदानं वैजूला देवस्थानं दाखवली, मी मोठे डॉक्टर दाखवले. चैत्र लागताच आम्ही एस.टी.नं धुळ्याला गेलो. कुंदा म्हणाली, “पोरले संगे लेवा. तठेच गया, तठेच भेटी.” आवाज जिथे गेला तिथेच मिळेल, असं तिला वाटत होतं.

पांझरेच्या काठी तोच जबडा उभा होता. रुपचंदनं आम्हाला पाहिलं आणि बाकीची माणसं थांबवून धरली, कर्णाही बंद केला.

आत अंधार होता. शेवटच्या वळणावर कुंदा थांबली. तिच्या हातात वैजूचा हात होता.

“वैजू,” ती पडद्याकडे बघत म्हणाली. “मी उनी, बेटा.”

आपण आल्याचं सांगून तिनं पोत्याला कान लावला.

मग पोत्यामागून, अगदी जवळून, आवाज आला. रडून रडून बसलेला.

“माय, तुना हात धरीसन उभी शे, ती पोर कोन शे?”

कुंदानं खाली पाहिलं.

मीही पाहिलं. आमची वैजू वर बघत होती. तिनं कुंदाचा हात दोन्ही हातांनी धरला होता.

मी पडदा फाडला. नंतर ताडपत्री फाडली, बांबू उपटले. रुपचंदनं अडवलं नाही, उलट स्वतः दोर कापून दिले. सारा मांडव खाली आला. खाली नदीची वाळू होती. मी ती हातांनी उकरली, नखांतून रक्त येईपर्यंत. माणसं जमली, कुणीतरी मला धरलं. आवाज पुन्हा आला नाही.

परतीच्या गाडीत पोर कुंदाच्या मांडीवर झोपी गेली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. कुंदानं दोन्ही हात समोरच्या सीटच्या दांडीवर ठेवले होते. वळणावर पोर घसरली की मी सावरायचो. जळगाव येईपर्यंत कुंदानं तिला हात लावला नाही.

तो मेळा पुन्हा आमच्याकडे आला नाही. मी सारंगखेड्याला गेलो, बऱ्हाणपूरला गेलो. भूतबंगले सापडले, दुसऱ्यांचे. त्यांच्या स्पीकरचे कागद प्रत्येक आवाजाला थरथरत होते.

याला बरीच वर्षं झाली. कुंदा पोरीचं सगळं करते. वेणी घालते, ताट वाढते, आजारात उशाशी बसते. फक्त नावानं हाक मारत नाही. आता स्थळं येताहेत. मुलगी गोरी, कामसू आहे, मुकी असली तरी चालेल म्हणतात.

दुपारी ती दुकानात माझ्या मदतीला बसते. सोल्डरनं तारांना डाग देण्यात तिचा हात माझ्याहून स्वच्छ. फक्त एक आहे. दुरुस्त झालेला रेडिओ मी लावून बघतो, सुई एका स्टेशनवरून दुसऱ्याकडे नेताना मध्ये नुसती खरखर लागते. तेवढ्यात, त्या खरखरीतून कुणाचा आवाज उमटायच्या आत, ती हातातलं काम टाकून उठते आणि बटण बंद करते.

मी तो रेडिओ तिच्यासमोर पुन्हा लावत नाही.